थांबू का?

पोकलेनचं बकेट अर्ध्यावर उचलून ऑपरेटरने मशीन थांबवलं, केबिनमधून मान बाहेर काढली आणि मला म्हणाला, "मॅडम, माती बदलली बघा. थांबू का?"

नाशिकमध्ये गोदावरीच्या काठाला, जुन्या वस्तीच्या खालच्या अंगाला मलवाहिनीसाठी चर खणायचं काम चाललं होतं. माझा त्या कामाशी काही संबंध नव्हता. मी पुरातत्त्व शिकलेली, पण पोटापाण्यासाठी कॉलेजात इतिहास शिकवणारी. सकाळी फिरायला जाते त्या वाटेवर एक दिवस निळे पत्रे उभे राहिले, पत्र्यांपलीकडे मातीचा ढीग वाढत गेला, आणि त्या ढिगात खापरं दिसली तेव्हा माझा पाय तिथून निघेना. सुपरवायझरने सुरुवातीला हटकलं, मग रोज येणारी बाई म्हणून सोडून दिलं. ऑपरेटरने मात्र मी काय बघतेय ते बरोबर ओळखलं होतं. ही बाई ढिगाकडे कमी आणि चराच्या भिंतीकडे जास्त बघते, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. म्हणून त्याने तो प्रश्न सुपरवायझरला न विचारता मला विचारला.

मी म्हटलं, "दोन मिनिटं." आणि तो खरंच थांबला. डिझेलचा धूर निवला, पंपाचा आवाज तेवढा राहिला. मी कडेला ओणवी होऊन खाली पाहिलं. वरचा हात-दीड हात म्हणजे आपलाच काळ: प्लॅस्टिकच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, काँक्रीटचे डिखळे, विटांचा चुरा. त्याखाली बारीक, पिवळसर गाळ, ज्यात एकही खापर नाही. तो पुराने आणून घातलेला. त्याखाली काळपट माती आणि चुन्याचे खडे. आणि त्याच्याही खाली, बकेटचा दात जिथून नुकताच ओरखडून गेला होता तिथे, राखेच्या रंगाची भुसभुशीत माती. तिच्यात कोळशाचे ठिपके, पातळ तांबड्या भांड्याची एक चकाकती कड, शंखाच्या बांगडीचा नखाएवढा तुकडा. या सगळ्याच्या मधोमध आडवा, वीतभर जाडीचा एक पट्टा होता. चिरोट्यासारखे पापुद्रे सुटत होते त्याला. ती घराची जमीन होती. कुणीतरी सारवलेली, मग वाळल्यावर पुन्हा सारवलेली, सणाला पुन्हा, पावसाळा सरला की पुन्हा. एकावर एक थर चढत गेलेली घरातली जमीन, तिच्या एका टोकाला लालसर भाजलेला गोल. चूल असणार.

मग शिट्टी वाजली. दुपारपर्यंत पाइप उतरवायचे होते. बकेट खाली गेलं आणि पुढच्या खेपेला ती जमीन डंपरमध्ये पडली.

दोन मिनिटांवर माझी हरकत नाही. इतक्या कमी वेळातही पुष्कळ दिसलं. मला राहून राहून सलतो तो त्याचा प्रश्न. नदीकाठी एवढं मोठं काम चाललेलं, नकाशे, मोजमापं, सुरक्षेचे फलक, हेल्मेटं, सगळं जागच्या जागी. आणि जमिनीखालचं घर दिसल्यावर 'थांब' म्हणायचा अधिकार त्या सगळ्या माणसांत एकालाही नव्हता. ज्याला ते दिसलं त्याला नव्हता, ज्याला त्यातलं कळत होतं तिलाही नव्हता, आणि ज्याने शिट्टी मारली त्यालाही नव्हता, कारण त्याच्या हातात फक्त काम उरकणं होतं.

नंतर चहाच्या टपरीवर ऑपरेटरशी बोलणं झालं. माती बदललेली तुम्हाला कशी कळली, असं मी विचारलं. तो बीडकडचा. म्हणाला, "आमच्या गावाशेजारी पांढरीचं टेकाड होतं ना. उन्हाळ्यात बैलगाडीनं त्याची माती रानात टाकायचो. पीक लई जोमात यायचं. त्यात असलीच खापरं निघायची, मणी निघायचे. आई म्हणायची, जुन्या लोकांचं हाय, घरात आणू नका." मशीनवर बसल्यापासून पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीची राखट माती लागली की त्याला हाताला कळतं, कारण लिव्हर एकदम हलका जातो. मुरमाला जोर लागतो, चिकणमाती बकेटला धरून बसते, पांढरी मात्र नुसती ढासळते. हे सगळं तो सहज सांगत होता, आणि मी ऐकत होते. मराठवाड्यात आणि खानदेशात गावोगावची टेकाडं अशीच शेतांत पसरली गेली. त्याबद्दल आम्हा लोकांच्या बैठकांत हळहळ होते. पण त्याच टेकाडांवर खेळून मोठा झालेला माणूस आज मशीनवर बसलाय, आणि जमिनीखालचा बदल कुठल्याही अहवालाच्या आधी त्याच्या मनगटाला कळतोय, हे आमच्यापैकी किती जणांनी लक्षात घेतलंय?

आम्हाला पुण्यात शिकताना खड्ड्याची भिंत वाचायला शिकवलं, ते शिक्षण फार धीराचं होतं. सकाळच्या तिरप्या उन्हात भिंत खुरप्याने सरळ तासायची, वरून खाली, एकाच दिशेने. मग तिच्यावर पाण्याचा हलका फवारा मारायचा. ओल बसली की थर उठून दिसतात. कोरड्या भिंतीत जे सगळं करडं वाटत होतं, त्यात काळा, तपकिरी, राखी, पिवळा असे पट्टे वेगळे होतात. प्रत्येक पट्ट्याला खिळा मारून चिठ्ठी बांधायची. आमचे सर एखाद्या चिठ्ठीकडे बोट दाखवून विचारायचे, "ही रेघ इथेच का काढलीस?" आणि उत्तर येईपर्यंत शांत उभे राहायचे. वस्तू सापडली की आम्ही आनंदाने ओरडायचो, सर मात्र आधी विचारायचे, कुठल्या थरात? थर सांगता आला नाही तर वस्तू बाजूला ठेवून द्यायचे. तेव्हा ते कठोर वाटायचे. आता वाटतं, आम्हाला त्यांनी दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट ती होती.

कारण थराबाहेर पडलेली वस्तू कितीही देखणी असली तरी अर्धीमुकी होते. दायमाबादचं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. प्रवरेच्या काठी, १९७४ मध्ये, एका शेतकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना ब्राँझची चार शिल्पं मिळाली: दोन बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा, म्हैस. सगळी मिळून साठ किलोच्या वर वजन. इतकं सुंदर काम की पाहताना बोलणं थांबतं. पण ती उत्खननात निघालेली नव्हती. ती मातीतून उचलली तेव्हा आजूबाजूची माती, तिचा रंग, तिच्यातली खापरं कुणी नोंदवलेली नव्हती. पुढे तिथे रीतसर उत्खनन झालं, थर मोजले गेले, आणि बऱ्याच अभ्यासकांनी ती शिल्पं हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळात नेऊन ठेवली. तरी काहींनी धातूच्या घटकांवरून शंका घेतली की ही बरीच अलीकडची असावीत. पन्नास वर्षं उलटली, वाद पुरता मिटलेला नाही. त्या शेतकऱ्याचा यात काडीचा दोष नाही, त्याने तर ती जपून ठेवली. त्या सकाळी थर बघणारं कुणी शेजारी उभं असतं तर काय झालं असतं, एवढंच मनात येतं.

आणि हे सगळं नदीकाठीच घडतं, हा काही योगायोग नव्हे. महाराष्ट्राचं सगळ्यात जुनं जगणं नद्यांच्या कडेला रचलेलं आहे. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांना गोदावरीच्या जाड्या वाळूगोट्यांत, नाशिकजवळच्या गंगापूरला, अश्मयुगाची दगडी हत्यारं मिळाली. १९५०-५१ मध्ये त्यांनी आणि शां. भा. देवांनी नाशिकची जुनी मातीची गढी खणली, आणि त्याच मोसमात संगमनेरजवळ प्रवरेकाठचं जोर्वे. गढीच्या त्या खड्ड्यांत तळाशी ताम्रपाषाणयुग, म्हणजे तांब्याच्या आणि दगडाच्या हत्यारांचा काळ, वर उत्तरेकडची काळी चकाकती भांडी, मग सातवाहनकाळ, आणि माथ्यावर मुसलमानी व मराठा काळ, असं सगळं नाशिक एकावर एक मिळालं. नेवासे प्रवरेवर. इनामगाव घोड नदीवर, जिथे १९६८ ते १९८२ अशी वर्षानुवर्षं चिकाटीने खोदाई चालली. कोल्हापूरची ब्रह्मपुरी पंचगंगेला लागून, आणि तिथे मिळालेली रोमन समुद्रदेवतेची छोटी ब्राँझ मूर्ती आजही टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. यांतलं कुठलंही नाव घ्या, शंभर-दोनशे पावलांवर पाणी आहे.

इनामगावचा एक तपशील मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते. तिथले ताम्रपाषाणयुगातले लोक आपलं लहान मूल गेलं की त्याला घराच्या जमिनीखालीच पुरत. दोन करड्या रांजणांची तोंडं एकमेकांना लावून आडवी ठेवायची, आत ते बाळ. वरून पुन्हा सारवायचं. आई त्याच्यावरच भाकऱ्या थापायची, तिथेच बाकीची लेकरं निजायची. नेवाशालाही असंच मिळालं. खुरप्याने आणि ब्रशने काम करणाऱ्याला ते रांजण दिसतात, त्यांची एकमेकांवर टेकलेली तोंडं दिसतात, आतली नाजूक हाडं दिसतात. पोकलेनच्या दाताखाली त्याची खापरं होतात आणि काही पांढरे तुकडे. ढिगात ते कुणाला ओळखू येणार? त्या सकाळी डंपरमध्ये पडलेल्या जमिनीखाली काय होतं, हा विचार मी शक्यतो करत नाही. तरी येतो.

माझी एक वर्गमैत्रीण इंग्लंडमध्ये हेच काम करते. चकाकतं जॅकेट, हेल्मेट, पायात बूट, आणि दिवसभर खोदणाऱ्या मशीनच्या शेजारी उभं राहायचं. तिकडे त्याला वॉचिंग ब्रीफ म्हणतात. १९९० पासून तिथल्या नियोजनाच्या धोरणात हे बसवलं गेलं की जमीन जो उकरणार, तिच्यातल्या जुन्याची नोंद त्याने स्वतःच्या खर्चाने करून द्यायची. बांधकामाच्या परवानगीबरोबर ती अट येते. मशीनला दात नसलेलं सपाट बकेट लावायचं, माती पातळ पातळ सोलत न्यायची, आणि नोंद करणाऱ्याने हात वर केला की थांबायचं. लंडनमध्ये थेम्सखालून सांडपाण्याचा पंचवीस किलोमीटरचा बोगदा झाला, तेव्हा बर्मंड्झीला नदीच्या चिखलात एक माणूस पालथा पडलेला मिळाला. पंधराव्या शतकाच्या शेवटाचा असावा. त्याच्या पायात मांडीपर्यंत येणारे चामड्याचे बूट तसेच होते. ओल्या चिखलात हवा पोचत नाही म्हणून चामडं टिकलं. २०१८ मध्ये ती बातमी जगभर गेली. मैत्रिणीला मी ती कौतुकाने पाठवली, तर तिचा फोन आला. म्हणाली, "अगं, असलं आयुष्यात एखाद्याला मिळतं. माझे बहुतेक दिवस काहीच न मिळता जातात. आणि मी लिहिते: या ठिकाणी, एवढ्या खोलीपर्यंत, काही नाही. तेही लिहायचं असतं. पुढच्याला कळायला हवं ना की वस्ती इथपर्यंत नव्हती."

ते बोलणं माझ्यात खोल गेलं. सांडपाण्याचा बोगदा तोही, आणि मलवाहिनीचा चर हाही.

आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही. १९५८ चा केंद्राचा कायदा आहे, २०१० मध्ये तो कडक केला गेला. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटर बांधकाम बंद, पुढे दोनशे मीटर परवानगीने. राज्याचा १९६० चा कायदा आहे. जमिनीत दहा रुपयांच्या वर किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, हे तर १८७८ पासून लागू आहे. पण हे सगळे कायदे एक तर जाहीर झालेल्या जागेला कुंपण घालतात, नाही तर सापडलेल्या वस्तूला. जे अजून जाहीर झालेलं नाही, आणि जी वस्तू नसून मातीतला एक रंगीत पट्टा आहे, ते कुणाच्याच कलमात बसत नाही. सारवलेल्या जमिनीची किंमत दहा रुपये तरी कोण लावणार? आणि वस्तू सापडली की कळवायचं, याचा चरात उतरलेल्या माणसांपर्यंत पोचलेला अर्थ एकच: काम बंद पडणार. सुरगाणा आणि पेठच्या पाड्यांवरून आलेली माणसं तिथे रोजावर होती. त्यांना काम बंद म्हणजे त्या दिवसाची चूल बंद. एका बाईने मला हळूच विचारलंही, "ताई, तुमी लिवून देणार का कुटं? मग आमचा रोज बुडंल ना?" तिला मी नाही म्हणाले, काम थांबणार नाही म्हणाले. खोटं नव्हतं ते. पण ते सांगताना मला बरं वाटलं नाही.

कारण मलासुद्धा ती मलवाहिनी हवीच आहे. ही गोष्ट सोडून मला या विषयावर काही लिहिता येणार नाही. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावर उभं राहवत नाही. पानवेली पसरतात, नाल्यांचं काळं पाणी सरळ येऊन मिळतं, निर्माल्याच्या पिशव्या दगडांना अडकून कुजतात. माझी आजी रामकुंडावरून तांब्या भरून आणायची आणि ते पाणी देवापुढे ठेवायची. आता मी मुलीला तिथे हातसुद्धा बुडवू देत नाही. नदी स्वच्छ व्हायची तर काठाने नळ जायलाच हवेत, आणि नळ जायचे तर चर खणायलाच हवेत. जुनं वाचवा म्हणून कामाला आडवं पडणाऱ्यांत मी नाही. कुंडांच्या तळाला घातलेलं काँक्रीट निघावं म्हणून नाशिककर वर्षानुवर्षं झगडले, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण सगळ्याच खोदाईशी भांडण करून चालणार नाही. खोदाई होत असताना तिथे डोळे असावेत, एवढ्यावरच माझा जीव अडकला आहे.

आणि आता तर सिंहस्थ आला. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण. त्याआधी नवे घाट, रस्ते, पूल, संरक्षक भिंती, वाहनतळ, म्हणजे कित्येक वर्षांची खोदाई थोड्या महिन्यांत उरकायची. तारीख ग्रहांनी ठरवलेली, ती पुढे ढकलता येत नाही. दर बारा वर्षांनी हे शहर आपल्या नदीच्या कडेला पुन्हा हात घालतं. मला त्याचं वाईट वाटत नाही, उलट त्यात एक सातत्य आहे. आज आपण ज्यांना जुने घाट म्हणतो, त्यांतले बरेचसे पेशवाईत बांधले गेले, आणि ते बांधतानाही कुणाच्या तरी जुन्या पायऱ्या खाली गेल्या असतील. त्याच्या खूप आधीचं तर पांडवलेण्यांत कोरूनच ठेवलंय. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे, एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. तीन लाख गाई दिल्या हे त्यात आहेच. पण मला आवडतो तो पुढचा भाग. बार्णासा नदीवर तीर्थ बांधलं. इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर लोकांसाठी बसायच्या जागा आणि पाणपोया केल्या. भडोच, दशपूर, सोपारा आणि आपलं गोवर्धन इथे धर्मशाळा बांधल्या. नदीकाठच्या बांधकामाची एवढी व्यवस्थित यादी, कुठल्या नदीवर काय केलं ते नावानिशी, दगडात! शाळेच्या सहलीत मुलं त्या लेण्यात सेल्फी काढून पुढे जातात. मी त्यांना थांबवून नद्यांची नावं मोठ्याने वाचायला लावते. दमणा म्हटलं की कुणीतरी दमणगंगा ओळखतं, दाहनुका म्हटलं की डहाणू. त्यांचे चेहरे बदलतात.

त्या लेखामुळे उषवदाताने काय बांधलं ते आपल्याला कळतं. जे त्याच्या आधी तिथे होतं आणि बांधताना मोडलं गेलं, ते कळायला मात्र चराच्या भिंतीशिवाय दुसरा मार्ग नाही.

इंजिनिअर मंडळींशी बोलताना मी आता घरांच्या, रांजणांच्या गोष्टी आधी काढत नाही. पुराच्या काढते. नाशिकला पूर किती आला हे आपण दुतोंड्या मारुतीवरून सांगतो: कमरेला लागला, छातीला लागला, बुडाला. १९६९ च्या पुराच्या आठवणी जुनी माणसं अजून सांगतात. पण मारुतीला आणि माणसांना जेवढं आठवतं, त्याहून नदी फार म्हातारी आहे. त्या चरात मी पाहिलेला पिवळसर, बिनखापराचा गाळ म्हणजे एका मोठ्या पुराची सही होती. तो किती जाड, किती उंचीवर, त्याच्या वरच्या आणि खालच्या थरांतली खापरं कुठल्या काळातली, एवढं नोंदवलं की नदी कधी आणि कुठवर चढली होती त्याचा अंदाज बांधता येतो. नर्मदेच्या आणि तापीच्या काठच्या अशा गाळांवर पुण्याच्या अभ्यासकांनी उत्तम काम केलेलं आहे. संरक्षक भिंत किती उंच बांधायची हे ठरवणाऱ्याला याच्याइतकी फुकटची आणि भरवशाची माहिती कुठे मिळेल? ती त्यांच्याच चरात उघडी पडते आणि दुपारपर्यंत त्यांच्याच हातांनी बुजवली जाते.

लागतं ते फार नाही. एका शहरात नदीकाठी एका वेळी जेवढी मशीनं चालतात, त्यांच्यासाठी चार-सहा माणसं पुरतील. दर वर्षी पुरातत्त्वाची पदवी घेऊन बाहेर पडणारी मुलं आहेत, त्यांतली कितीतरी माझ्यासारखी दुसरंच काही करतात. खुरपं, टेप, पाण्याचा पंप, फोटोत ठेवायची मोजपट्टी, वही. निविदेत एक ओळ की खोदाई चालू असताना नोंद करणारा हजर राहील आणि त्याने सांगितलं तर काम तेवढ्या जागी काही तास थांबेल, बाकीचं चालू राहील. थांबलेल्या तासांचे पैसे मशीनला आणि मजुरांनाही मिळतील. ही शेवटची अट मी त्या सुरगाण्याच्या बाईमुळे घातली, आणि ती सगळ्यात महत्त्वाची आहे असं मला वाटतं. थांबण्याची किंमत रोजावरच्या माणसाने मोजायची असेल, तर जमिनीतून निघालेलं सगळं मुकाट्याने डंपरमध्येच जाणार. पुण्यात २०१९ मध्ये मेट्रोच्या खोदाईत स्वारगेटला जुना भुयारी जलमार्ग लागला, मंडईजवळ मोठ्या प्राण्यांची हाडं निघाली. ते कळलं, कारण तिथल्या माणसांनी बघितलं आणि सांगितलं. बघणारी माणसं आपल्याकडे आहेत. त्यांनी सांगितलं तर त्यांचं नुकसान होणार नाही, याची हमी नाही.

हे सगळं मी एका पानावर लिहून दोन-तीन ठिकाणी नेऊन दिलं. एका कचेरीत ते वाचलं गेलं, एकीकडे पोच मिळाली. ज्या एका माणसाने ते मनावर घेतलं, तो अगदी तरुण साइट इंजिनिअर आहे, दुसऱ्या एका कामावरचा, नदीच्या बऱ्याच वरच्या अंगाला. नोकरीला लागून फार दिवस झालेले नाहीत. पान वाचून त्याने फोन केला आणि पहिला प्रश्न विचारला, "मॅम, भिंत तासायला थापी चालेल का? खुरपं नाहीये आमच्याकडे." चालेल म्हटलं. मग फोटो कसा घ्यायचा, सावली कुठे नको, टेप कुठे धरायचा, उत्तर दिशा कशी दाखवायची, असं बराच वेळ बोललो. त्याच्या कामात थांबायचा अधिकार त्यालाही नाही. पण सकाळी मशीन सुरू व्हायच्या आधी अर्धा तास त्याच्या हातात असतो, आणि आदल्या दिवशी उघडी पडलेली भिंत तेव्हा उन्हात असते.

परवा त्याचा पहिला फोटो आला. टेप उलटा धरलेला, आकडे वाचता येत नव्हते, पण भिंत छान तासलेली होती आणि फवारा मारलेला होता. वर भराव, खाली काळी माती, तिच्याखाली गोट्यांचा जाड थर. एकही खापर नाही. खाली त्याने लिहिलं होतं: काही दिसत नाही मॅम, तरी पाठवू का रोज? मी लगेच कळवलं, रोज पाठव, आणि आज काही नाही असंच लिही, तारीख आणि खोली घाल. गोट्यांचा थर किती फुटांवर लागला तेवढं सांग. त्याचं उत्तर आलं: उद्या सकाळी मोजतो, टेप सरळ धरून.